ताटली किती इंच सरकली

३ फेब्रुवारी

ही वही मोजणीची आहे. निवृत्त झालो तेव्हा कचेरीतल्या कपाटात तीन कोऱ्या वह्या उरल्या होत्या, त्यातली एक. बत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दीवरून भांडणारे सख्खे भाऊ बघितले, पण स्वतःबद्दल कधी एक ओळ लिहिली नाही. आता लिहितोय, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं ताळ्यावर राहणार नाही. घरात दोन माणसं. एकाची वाचा गेली आहे आणि दुसरा मी.

ताईला, माझ्या थोरल्या बहिणीला, पक्षाघात होऊन आज नऊ आठवडे झाले. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात. ते सांगायला डॉक्टर कशाला हवेत, ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते त्यावरून कळतं. मी माझी भाड्याची खोली बंद केली आणि एक बॅग घेऊन तिच्याकडे राहायला आलो.

आज दवाखान्यात वजन केलं. बेचाळीस किलो. झटक्याआधी एक्कावन्न होतं. डॉक्टर म्हणाले, "गिळायला त्रास नाही, पोटात दोष नाही. मग खात का नाहीत?" मी म्हटलं, हेच विचारायला मी तुमच्याकडे आलोय. त्यावर त्यांनी रक्तदाब बघितला आणि मीठ जवळजवळ बंद करून टाकलं. म्हणजे आधीच खात नाही, आता खाण्यासारखंही काही उरलं नाही.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तो इतका लांब राहतो की त्याचा सकाळचा चहा आणि आमचं संध्याकाळचं दूध एकाच वेळी होतं. म्हणाला, "मामा, मी एक मार्चला येतोय. तोपर्यंत आईचं वजन वाढायला लागलं नाही, तर मी तिला इकडे घेऊन येणार. इथे चांगलं शुश्रूषागृह बघून ठेवलंय. घर बंद करू या." हे त्याने मायेने सांगितलं, त्यामुळे मला त्याच्यावर ओरडताही येईना. फोनचा आवाज मोठा होता. ताईने सगळं ऐकलं आणि मान गच्चीच्या दाराकडे वळवली.

गच्चीवर तिचे डबे आहेत. तेलाचे, रंगाचे, कसले कसले, सदतीस. प्रत्येकात काही ना काही पानांचं. अठरा वर्षं तिने याच घरात पानांच्या स्वयंपाकाचे वर्ग घेतले. पुदिना, शेपू, ओव्याची पानं, लिंबाची पानं, गवती चहा, ज्यांची नावं मला माहीत नाहीत अशीही पुष्कळ. मिठाशिवाय चव आणायची तर ती याच पानांतून येणार, एवढं मलाही कळतं. फक्त मला स्वयंपाक येत नाही.

५ फेब्रुवारी

ताईची पाककृतींची वही सापडली. आनंदाने उघडली आणि कपाळाला हात लावला. "पुदिना अंदाजाने." "पाणी बेताचं." "पानं कोमेजली की लगेच." लगेच काय? उतरवायचं की घालायचं? एका पानावर तर नुसतं "नेहमीसारखं" एवढंच लिहिलंय. या बाईने अठरा वर्षांत साडेतीनशे बायकांना शिकवलं, आणि एकीनेही विचारलं नाही की बेताचं म्हणजे किती मिलिलिटर.

मी तिच्यासमोर वही धरून म्हटलं, "हे असं लिहितात?" तिने डोळे मिटून घेतले.

६ फेब्रुवारी

पहिला प्रयोग. बटाटा आणि पुदिना. चाळीस पानं मोजून घेतली, सुरीने बारीक चिरली, बटाट्याबरोबर पंचवीस मिनिटं शिजवली. पुदिना काळा पडला. ताईने एक घास तोंडात घेतला, बराच वेळ तो तोंडात ठेवला, मग डाव्या हाताने ताटली पुढे सारली. जेमतेम तीन इंच.

आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोलता येत नाही, लिहिता येत नाही, मान हलवते ती हो का नाही ते कळत नाही. पण ताटली किती सरकली हे मोजता येतं. टेबल तीस इंच रुंद आहे. ती खिडकीच्या बाजूला बसते, मी समोर वही घेऊन बसतो. कपाटातली टेप काढली आणि तिच्या बाजूच्या कडेपासून मोजायचं ठरवलं. जितके जास्त इंच, तितका पदार्थ वाईट. शून्य इंच आलं की जिंकलो. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा हातात काहीतरी आकडा आला, जरा बरं वाटलं.

८ फेब्रुवारी

आज ती चाकांच्या खुर्चीतून स्वयंपाकघरात आली आणि माझ्या डोक्यावर मिरे वाटले. मी पुदिना पातेल्यात टाकायला गेलो की झाकणावर चमचा आपटायची. बटाटा शिजेपर्यंत तिने मला पुदिन्याला हात लावू दिला नाही. सुरी उचलली तर मनगटावर फटका मारला. शेवटी तिने स्वतः डाव्या हाताने पानं चुरगळून तोडली, गॅस बंद करायला लावला आणि मग वरून टाकली.

एवढं करून जेवायला बसल्यावर तीन घास खाल्ले आणि ताटली अकरा इंच. स्वतःच्या हाताने केलेल्या पदार्थाला अकरा इंच. मी म्हटलं, "मग मला मारत कशाला होतीस?"

परवाच्यासारखी हीही ताटली खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडे नेऊन दिली. टाकून देणं जिवावर येतं.

११ फेब्रुवारी

लिंबाच्या पानांचा भात. याच्यावर सकाळचे दोन तास गेले. पानाची मधली शीर काढायची असते, नाहीतर कडू होतं, हे ताईने एक पान माझ्या डोळ्यांसमोर फाडून दाखवलं तेव्हा कळलं. मग पानं दोऱ्यासारखी बारीक चिरायची (इथे सुरी चालते, का चालते विचारू नका), तेलात टाकून लगेच भात टाकायचा, वरून भाजलेले तीळ आणि लिंबाचा रस. घरभर वास सुटला.

ताईने चार घास खाल्ले. आठवड्याभरात सगळ्यात जास्त. मी टेप बाजूला ठेवून जरा आशेने बघत होतो. आणि तिने ताटली अशी ढकलली की माझ्या वहीला येऊन धडकली. एकोणीस इंच. वहीवर तेलाचा डाग पडला, तो या पानावर दिसतोच आहे.

चार घास खायचे आणि मग एकोणीस इंच, या बाईचं गणित मला जन्मात कळलं नाही. भात खाली नेऊन दिला. मी चहात दोन टोस्ट बुडवून खाल्ले, उभ्या उभ्याच. तिला भरवण्याच्या नादात माझी भूक मरून जाते.

१२ फेब्रुवारी

शिक्षिका डबा परत द्यायला आल्या. घासून पुसून लख्ख. म्हणाल्या, "कालचा भात काय सुंदर झाला होता हो. परत कराल तेव्हा माझ्यासाठी राखून ठेवा." मी हसून घेतलं. शाळेत तीस वर्षं शिकवलेलं माणूस, सगळ्यांना पास करायची सवय. आधीचा बटाटा कसा होता ते विचारलं तर म्हणाल्या, "तो पहिला काळा? तो खरं सांगायचं तर मांजरालाही नाही आवडला." पहिला काळा तीन इंच होता. यांच्या जिभेवर काय भरवसा ठेवायचा.

१४ फेब्रुवारी

यश आलं. मुळ्याचा पाला उकडला, पिळला, लाटण्याने चेचला आणि डाळीत कालवला. लाटण्याने चेचल्यामुळे त्याचा चिकट गोळा झाला, तो चमच्याला सोडेना. पण ताटली फक्त दीड इंच. मी दोनदा मोजलं. दीड.

खाल्लं मात्र एकच घास. पण आकडा तो आकडा. वजन हळूहळू येईल, आधी आवड निर्माण व्हायला हवी. मुळ्याच्या पाल्याखाली लाल रेघ मारून ठेवली.

१७ फेब्रुवारी

व्यायाम करवून घ्यायला येणारी मुलगी आज जेवणाच्या वेळी आली. ती ताईला मावशी म्हणते आणि मला काका. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "काका, तुम्ही जेवलात?"

"माझं होतं नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"होतं. तू मावशीचा हात बघ."

मग ती माझ्या पट्ट्याकडे बघत राहिली. पट्ट्याला काल खिळ्याने एक नवं भोक पाडलंय, चांगलं दोन बोटं आत. चामडं हल्ली सैल पडतं. पूर्वी एक पट्टा दहा वर्षं टिकायचा, आता वर्षभरात लोंबायला लागतो. हे तिला सांगितलं तर ती आणि ताई एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात ताईने डाव्या हाताचं बोट माझ्या तोंडावर रोखलं. एकदा नाही, तीन-चारदा. म्हणजे काय, तुझी बडबड पुरे. माझ्याच घरात, म्हणजे तिच्या घरात, मी आता पट्ट्यावरही बोलायचं नाही.

आज शेपू आणि भोपळ्याचा लगदा होता. दोन इंच. दुसरी लाल रेघ.

१८ फेब्रुवारी

दुपारी ती झोपली होती तेव्हा टेबलाशी बसून उगाच जुन्या गोष्टी आठवल्या. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा आणि ताई सोळाची. तेव्हाही ती अशीच समोर बसायची. माझ्यापुढे ताटली ठेवायची आणि शेवटचा घास जाईपर्यंत उठायची नाही. मला इतका राग यायचा. मी मुद्दाम सावकाश चावायचो, ती हलायची नाही. मग उरलंसुरलं स्वतःच्या ताटलीत घेऊन जेवायची, गार झालेलं. मला बारक्या म्हणायची. आजही सगळी गल्ली मला त्याच नावाने ओळखते, सहासष्टाव्या वर्षी.

ते असो. आज गवती चहाची गाठ घालून केलेलं गाजराचं सूप, तेरा इंच. वाटी असल्यामुळे जरा सांडलं. मेणकापड पुसलं.

२० फेब्रुवारी

दवाखान्यात वजन. एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम. म्हणजे माझ्या सगळ्या उद्योगांनंतर आठशे ग्रॅम कमी. डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

घरी आल्यावर मी इरेला पेटून ओव्याची पानं काढली. जाड, लुसलुशीत पानं. उकडलेला बटाटा कुस्करला, त्यात भाजलेलं जिरं आणि लसूण, आणि एकेका गोळ्याला दोन दोन पानांचं जाकीट घालून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलं. वहीत नाही हे, माझ्या डोक्यातून निघालं. ताईने पहिला खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि दुसऱ्याच्या मध्ये थांबून माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं झालं, जमलं. मग ताटली सरळ माझ्या छातीला लागली. तेवीस इंच, आजवरचा उच्चांक.

माझा तोल गेला. म्हणालो, "नको ना खाऊस. जा त्या शुश्रूषागृहात. तिथे नळीने भरवतील तेव्हा कळेल. मी इथे काय तुझ्यासाठी हात भाजून घेतोय?" हात खरोखरच भाजला होता. ताईचे डोळे भरून आले. तिने परत बोट माझ्या तोंडाकडे केलं. मी म्हटलं, "हो, गप्प बसतो. आयुष्यभर गप्पच बसलोय." आणि ताटली उचलून खाली नेऊन दिली.

जिना चढून येताना मध्येच पायरीवर बसावं लागलं. राग फार वाईट.

२३ फेब्रुवारी

तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ती एरवीही बोलत नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं. आज सकाळी मीच खुर्ची गच्चीवर नेली आणि म्हटलं, "चुकलं माझं." तिने मान वळवली नाही.

थोड्या वेळाने तिने डब्यातून एक पान तोडलं, बोटांत चुरगळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. मग दुसरं, मग तिसरं. लिंबाचं, पुदिन्याचं, एक बडीशेपेसारख्या वासाचं, एक मिरीसारखं झणझणीत. प्रत्येक वेळी माझं तोंड बघत होती. मी म्हटलं, "वास चांगला आहे, पण तू खाशील तर ना." तिसऱ्या-चौथ्या पानाला माझ्या चक्क तोंडाला पाणी सुटलं. पित्त वाढलं असणार. खाली येऊन चहा-टोस्ट घेतलं.

ती मला सोडून जायला तयार नाही, एवढं आज कळलं. मीही तिला पाठवायला तयार नाही. ती गेली तर मी त्या खोलीत परत जाऊन काय करणार आहे, हे मी स्वतःला विचारलं आणि मला घाबरायला झालं. इतका नुसता राग राग करतोय, पण खरी गोष्ट ही आहे.

२६ फेब्रुवारी

एक मार्चचा बेत ठरवला. शास्त्रशुद्ध. आजवरचे सगळे पदार्थ उतरत्या क्रमाने मांडले आणि सगळ्यात कमी सरकलेले तीन निवडले: मुळ्याच्या पाल्याचा गोळा, शेपू-भोपळ्याचा लगदा, आणि मेथीच्या पानांचं कडू पाणी, जे मी कालच केलं आणि ज्याला तिने बोटसुद्धा लावलं नाही. शून्य इंच. चाखून बघायचा प्रश्न नाही, बिनमिठाचं आजाऱ्याचं जेवण मी कशाला चाखू.

भाच्याला हे तिन्ही समोर ठेवीन. ताटली जागची हलली नाही हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पुढचं मला बोलता येईल.

१ मार्च

भाचा सकाळी आला. आईच्या गळ्यात पडला आणि मग मला बघून म्हणाला, "मामा, हे काय झालंय तुझं?" मी म्हटलं, माझं काय बघतोस, आईकडे बघ.

टेबल मांडलं. तिन्ही पदार्थ. ताईने मुळ्याच्या गोळ्याकडे बघितलं, शेपूच्या लगद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चमचा उचलला नाही. ताटली कोपराने अर्धा इंच हलली. मी टेप लावून भाच्याला आकडा दाखवला. "बघ. अर्धा. म्हणजे आवडलंय."

"ती खात नाहीये, मामा."

"खाईल. आधी आवड निर्माण व्हायला हवी."

भाच्याने स्वतः एक घास घेतला. चावायचं थांबला, रुमाल काढला, आणि घास रुमालात गेला. मग मेथीचं पाणी हुंगलं आणि ग्लास खाली ठेवला. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "आईने पन्नास वर्षं स्वयंपाक केला, आणि तू तिला हे खायला घालतोस?"

माझा स्वाभिमान दुखावला. मी वही आणली आणि त्याच्यापुढे आपटली. पान पान उलगडून दाखवलं. तारीख, पदार्थ, इंच. हे बघ एकोणीस, हे बघ तेवीस, हे तर शून्य. तुझ्या आईनेच दिलेले मार्क आहेत, मी खिशातून नाही काढले. त्याने एकेक पान वाचलं. लिंबाच्या पानांच्या भातापाशी थांबला, तेलाच्या डागावर बोट फिरवलं. मग विचारलं, "हे मोजताना तू कुठे बसायचास?"

"समोर. इथेच."

"आणि तू काय खायचास?"

मी म्हटलं, "माझं काय मध्येच काढतोस, माझं होतं नंतर."

त्याने टेप उचलली, एक टोक आईच्या कडेला धरलं आणि दुसरं ओढत आणलं. तेवीस इंच, पुढे ताटलीची रुंदी, आणि ते माझ्या सदऱ्याच्या बटणाला लागलं. ताईने बोट परत माझ्या तोंडावर रोखलं होतं. भाचा रडत होता.

मोजणी खात्यात नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतात. नुसतं अंतर लिहून काही उपयोग नाही, कुठून कुठे ते लिहा. दिशा नसेल तर सगळी मोजणी रद्दी. बत्तीस वर्षं हे मी दुसऱ्यांना ओरडून सांगितलं. चुकलेल्या वह्या त्यांच्या तोंडावर फेकल्या.

तीन आठवडे. तीन आठवडे ती मला जेव म्हणत होती आणि मी ताटली खाली नेऊन देत होतो.

२ मार्च

आज परत लिंबाच्या पानांचा भात केला. शिरा काढल्या, पानं बारीक चिरली, तीळ भाजले. भाचा बाहेर पेपर घेऊन बसला, मुद्दाम. मी टेबलाशी बसलो. वही नाही, टेप नाही. एकच ताटली.

ताईने चार घास खाल्ले आणि ताटली माझ्याकडे ढकलली. मी चमचा घेतला आणि खाल्लं. मीठ नव्हतं, ते दुसऱ्या घासाला जाणवलं आणि मग जाणवेनासं झालं. किती दिवसांनी ताटलीत जेवत होतो ते आठवेना. मला रडू आलं, ते लिहून ठेवतो, या वहीत आधीच पुष्कळ चुका आहेत, आणखी लपवालपवी नको. मी रडतोय म्हणून ती थांबली नाही, बोटाने ताटलीवर टकटक केलं, खा म्हणून. मी अर्ध्याच्या वर खाल्लं तेव्हा कुठे तिने डावा हात लांब करून ताटली स्वतःकडे ओढली.

मग आम्ही ती तशीच इकडून तिकडे सरकवत राहिलो. दोनदा वाढून घेतलं. तीनदा, खरं म्हणजे.

दुपारी शिक्षिका डबा आहे का विचारायला आल्या. त्यांना नाही म्हणून सांगावं लागलं. त्या जराशा हिरमुसल्या, पण मी काय करू.

५ मार्च

ही बाई सहन होत नाही. मी जेवायला बसेपर्यंत तोंड उघडत नाही, आणि बसल्यावर माझ्या चुका काढते. ओव्याच्या पानांची जाकिटं करपवली तर ताटली ढकलायच्या आधी करपलेला भाग खरवडून काढते आणि तो माझ्याकडच्या कडेला ठेवते. पुदिना जास्त चुरगळला की झाकण वाजवते. भाचा हे सगळं बघून हसतो. मी त्याला म्हटलं, तू चार दिवस राहून बघ हिच्याबरोबर. तो म्हणाला, "सोळा वर्षं राहिलोय, मामा."

शुश्रूषागृहाचं कुणी काढत नाही. मीही विचारत नाही. त्याचं परतीचं तिकीट अठराचं आहे, आणि त्याच्या बॅगेत आईच्या नावाचंही एक आहे, ते मी बघितलंय.

१० मार्च

बीटाच्या पाल्याचा आणि लसणाचा पाव भाजला. माझ्याच डोक्यातून निघालेला. ताईने खाऊन बघितला आणि विचार करायला लागली. मग खुर्ची फिरवून गच्चीवर गेली, ते मिरीसारखं पान घेऊन आली आणि माझ्या तुकड्यावर ठेवलं. जास्त चांगलं लागलं. मला ते कबूल करणं फार जड गेलं. म्हटलं, "ठीक आहे." ती हसली, एका बाजूने, दुसरी बाजू अजून हलत नाही.

तिच्या पाककृतींच्या वहीत आता मी लिहायला लागलोय. "बेताचं पाणी" खोडून "दोनशे मिली" लिहिलं. तिने पेन हिसकावून घेतलं आणि माझं खोडलं. आता तिथे काही वाचताच येत नाही.

१७ मार्च

दवाखाना. आम्ही तिघंही गेलो. भाच्याच्या शर्टाच्या खिशात दोन्ही तिकिटं होती, मला वरून कडा दिसत होत्या. रिक्षात मी खिडकीबाहेर बघत बसलो. ताईने माझा हात धरला होता, तिचा डावा, घट्ट.

नर्सने तिला काट्यावर उभं केलं. मी आकड्याकडे बघू शकलो नाही. मोजमापावर आयुष्य काढलेला माणूस, आणि एक आकडा बघायचा धीर होईना. भाच्याने वाचला. एक्केचाळीस किलो नऊशे. आल्या दिवशी त्याने तिचं वजन करून घेतलं होतं, ते चाळीस किलो आठशे भरलं होतं. त्याने खिशातून एक तिकीट काढलं, दुमडलं, परत दुमडलं आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकलं. म्हणाला, "मामा, दर रविवारी मला दोघांच्या ताटलीचा फोटो पाठवायचा." मी म्हटलं, एकच ताटली असते. तो म्हणाला, "तिचाच."

डॉक्टर आत आले, कागद बघितला, खूश झाले. "वा. पेशंटच्या अंगावर जरा मांस दिसायला लागलंय."

ताईने डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "यांचं पण करू या का?" मी नको नको म्हणत होतो, तोवर भाच्याने मला खांद्याला धरून काट्यावर उभं केलं, चपला काढायला लावून. आणि ताईने काट्यावरचा आकडा बघायला हात पुढे करून चष्मा मागितला.